ज्याने भारत मोजायला घेतला, त्याला एका पोलादी साखळीने घाम फोडला होता

माउंट एव्हरेस्टला ज्याचं नाव मिळालं तो जॉर्ज एव्हरेस्ट सगळ्यांना माहितीय. पण एव्हरेस्टचा साहेब कोण होता? विल्यम लॅम्बटन. भारताची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली ती या माणसाने. मद्रासपासून मराठवाड्याच्या पट्ट्यातून ही मोजणी त्याने वर विदर्भापर्यंत आणली आणि तिथेच हिंगणघाटला तो गेला.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडच्या यॉर्कशायरचा. घरची परिस्थिती बेताची, पण गणित पक्कं. सैन्यात भरती होऊन तो अमेरिकेत लढला, पुढे कॅनडात जमिनी मोजल्या आणि 1796 मध्ये भारतात आला. 1799 ला टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री इंग्रजांची तुकडी वाट चुकून शत्रूच्याच दिशेने निघाली होती. लॅम्बटनने तारे बघून ते ओळखलं आणि वरिष्ठांना सावध केलं.

टिपू पडल्यावर त्याने कंपनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला की, दक्षिण भारत त्रिकोणांनी मोजू. जमिनीवर एकच सरळ रेघ अगदी अचूक मोजायची. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे. उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर पुढचा.

यातली मेख म्हणजे पहिली रेघ. ती चुकली तर पुढचं सगळं त्याच प्रमाणात चुकतं.

10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे ही रेघ मोजायला सुरुवात झाली. लांबी साधारण 12 किलोमीटर. हाताशी 100 फुटांची पोलादी साखळी. ही साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती, त्याने ती नाकारली आणि फिरत फिरत ती भारतात पोचली.

पण मद्रासचं ऊन! तापलं की पोलाद लांबतं. तापमान 10 अंशांनी वाढलं तर 100 फुटांची साखळी साडेतीन मिलिमीटरच्या वर वाढते. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण तीच साखळी 12 किलोमीटरवर सुमारे 400 वेळा टाकली की फरक जातो जवळपास दीड मीटरवर. हजार किलोमीटरच्या त्रिकोणांत हीच चूक 120 मीटर होते.

मग लॅम्बटनने साखळी लाकडी पेट्यांमध्ये ठेवली, वर सावली धरली आणि शेजारी थर्मामीटर लावले. प्रत्येक वेळी तापमान लिहायचं आणि तेवढी वाढ हिशेबातून वजा-जमा करायची. 12 किलोमीटरला 57 दिवस लागले!

1815 मध्ये मोजणी उदगीरच्या शेजारी, बीदरजवळच्या दामरगिड्ड्याला पोचली. तिथे पुन्हा एक पायारेषा मोजून आधीचं गणित तपासलं. तिथून वऱ्हाडातल्या टाकळखेड्याकडे नकाशावर सरळ रेघ ओढून बघा. ती देगलूर, उमरी, भोकर या गावांच्या आसपासून जाते. तेव्हा हा सगळा निजामाचा मुलूख. रस्ते नाहीत, तापाची साथ आणि सोबत अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट. तरुण एव्हरेस्ट निजामाच्या जंगलात तापाने इतका खचला की त्याला हवापालटासाठी दूर पाठवावं लागलं.

लॅम्बटन मात्र मागे हटला नाही. हैदराबादहून नागपूरला जाताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाट इथे त्याचा मृत्यू झाला. वय सत्तरीच्या आसपास. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच्यानंतर एव्हरेस्टने साखळी सोडून लोखंड आणि पितळेच्या जोडपट्ट्या वापरल्या. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, त्याचाच फायदा घेऊन दोन खुणांमधलं अंतर कायम ठेवायची ही युक्ती. त्या पट्ट्यांनी 1841 मध्ये बीदरची रेघ पुन्हा मोजली गेली.

पण न लांबणारा धातू मिळाला तो थेट 1896 मध्ये. चार्ल्स गिलोम या स्विस शास्त्रज्ञाने 64 टक्के लोखंड आणि 36 टक्के निकेल यांचा मिश्रधातू शोधला. नाव पडलं इन्व्हार. तो पोलादाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यानेच लांबतो. मग जगभरातले मोजणीवाले इन्व्हारच्या तारा आणि फिती वापरू लागले आणि 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल गिलोमला मिळालं.

इन्व्हार का लांबत नाही? तर चुंबकत्वामुळे.

धातूतले अणू एका जागी गप्प बसत नाहीत, सतत थरथरतात. उष्णता वाढली की थरथर वाढते, अणू एकमेकांपासून लांब सरकतात आणि धातू फुगतो. इन्व्हारमध्ये अणूंचं चुंबकत्व धातूला आधीच थोडं फुगवून ठेवतं. तापवलं की चुंबकत्व ढिलं पडतं आणि तो फुगवटा उतरतो. थरथर जेवढं लांबवते, जवळपास तेवढंच चुंबकत्व आवळून घेतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकच्या संशोधकांनी ही वजाबाकी प्रयोगात मोजून दाखवली.

आता हाच खेळ थरांच्या पदार्थांमध्ये तपासला जातोय. पेन्सिलीतलं ग्राफाइट आठवा. थराच्या आत अणू घट्ट बांधलेले, पण दोन थरांमधली पकड सैल. त्यामुळे ते आडवं आणि उभं सारखं प्रसरण पावत नाही. असा थरांचा पदार्थ चुंबकीय असेल, तर चुंबकत्व थरांची थरथर आणि त्यांच्यातलं अंतर दोन्ही बदलू शकतं. अतिसूक्ष्म यंत्रं बनवताना हे गणित चुकून चालत नाही.

लॅम्बटनच्या वेळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपली साखळी लांबते, एवढं त्याला माहीत होतं. ती चूक त्याने लपवली नाही. रोज थर्मामीटर वाचून तिचा हिशेब ठेवला, म्हणून पुढच्या सगळ्या त्रिकोणांचा पाया पक्का राहिला.