जॉन फॉन नॉयमन : यंत्राला फासे टाकायला शिकवणारे गणिती

संगणकाला कुठलाही एक आकडा सांग म्हटलं की तो लगेच सांगतो. पण संगणक म्हणजे सांगितलं तेवढंच करणारं यंत्र! मग तो मनाने आकडा आणतो कुठून? या कोड्याला अगदी सुरुवातीला भिडलेले गणितज्ञ म्हणजे जॉन फॉन नॉयमन.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. वडील बँकेत होते. शाळेतले गणिताचे शिक्षक लास्लो रात्झ यांनी मुलाची झेप ओळखली आणि त्याला विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून शिकायला मिळावं म्हणून वडिलांशी बोलणी केली. (आपण शिक्षकांनी हे नाव लक्षात ठेवावं.) वडिलांना मात्र पोटापाण्याची विद्या हवी होती. मुलाने १९२६ मध्ये झुरिचमधून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी बुडापेस्टमधून गणितात डॉक्टरेटही! १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

महायुद्धात ते लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात होते. मुलांना सांगताना हे झाकू नये असं मला वाटतं, कारण पुढची गोष्ट तिथूनच सुरू होते. १९४६ मध्ये त्यांचे मित्र स्टॅनिस्लाव उलाम आजारपणात एकट्याने पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजली तर? नॉयमन यांनी हीच युक्ती न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावली. प्रत्येक वळणावर फासा टाकायचा, म्हणजे ० ते १ मधली अशी संख्या घ्यायची की कुठल्याही भागाला झुकतं माप नको. १९४८ मध्ये एनिॲक या यंत्रावर ही गणितं चालवण्यात त्यांच्या पत्नी क्लारा यांचा मोठा वाटा होता.

खरे फासे का नकोत? कारण गणित पुन्हा केलं तर तेच दान पडणार नाही, मग चूक शोधायची कशी? म्हणून त्यांनी वर्गाची रीत काढली. १२३४ चा वर्ग १५२२७५६. पुढे शून्य लावून आठ अंक करा, मधले चार घ्या : ५२२७. त्याला १०,००० ने भागलं की ०.५२२७. पुन्हा वर्ग, पुन्हा मधले चार : ३२१५. पाचवीची मुलंसुद्धा करतील बघा!

पण २५०० घेऊन पाहा. वर्ग ०६२५००००, मधले अंक पुन्हा २५००. गाडी तिथेच रुतली! ३७९२ चंही तेच. ही रीत लंगडी आहे हे नॉयमन यांना ठाऊक होतं आणि ते त्यावर स्वतःच विनोद करत. १९४९ मध्ये डेरिक लेहमर यांनी गुणाकार करून भागाकाराची बाकी घ्यायची, ही जास्त भरवशाची रीत मांडली.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी कर्करोगाने नॉयमन गेले. आज मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हमध्ये 'रँड' लिहिलं की ० ते १ मधली संख्या येते. रीत आता वेगळी आहे, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांची. पण सुरुवातीचा आकडा, म्हणजे बीज, तेच दिलं तर आजही संख्यांची तीच रांग पुन्हा येते.