विश्लेषण : लीप सेकंद आणि सायमन न्यूकम यांचा संबंध काय?

सायमन न्यूकम यांचा जन्म १८३५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. सोळाव्या वर्षी ते एका वैदूकडे शिकायला राहिले. त्याची विद्या थोतांड असल्याचे उमगताच पळाले आणि अमेरिकेत गेले. तिथे शाळेत शिकवत स्वतः गणित शिकले. १८६१ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत रुजू झाले. चंद्राच्या जुन्या नोंदी तपासताना तो गणिताने ठरलेल्या जागी सापडेना. पृथ्वीच्याच फिरण्याचा वेग कमी-जास्त होत असावा, अशी शंका त्यांना आली. ती सिद्ध मात्र करता आली नाही. १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे शंका खरी ठरली. न्यूकम यांच्याच १८९५ च्या सूर्यसारणीवरून १९६० मध्ये सेकंदाची व्याख्या झाली आणि १९६७ मध्ये अणुघड्याळाचा सेकंद त्याच मापाचा ठरला. पण ती सारणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील वेधांवर बेतलेली. १९७२ पर्यंत दिवस त्याहून सुमारे तीन मिलिसेकंदांनी लांबला होता. हा साठत जाणारा फरक भरून काढायला तेव्हापासून २७ लीप सेकंद घालावे लागले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ रोजी, पहाटे साडेपाच वाजण्याच्या क्षणभर आधी आला.