चॅटजीपीटी येण्याच्या १७५ वर्षं आधी एका हट्टी गणितज्ञानं मशीनला शिकवायची युक्ती लिहून ठेवली होती

तारीख होती १८ ऑक्टोबर १८४७. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक छोटासा लेख सादर झाला. छापून आला तेव्हा त्याची पानं भरली फक्त तीन.

लिहिणाऱ्याचं वय ५८ होतं. या माणसानं आयुष्यात जवळपास ८०० शोधनिबंध लिहिले, त्यातलाच हा एक. तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही.

पण आज फोन तुमचा चेहरा ओळखतो, ॲप एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करून देतं, चॅटजीपीटी प्रश्नाला उत्तर देतं, या सगळ्यांना ‘ट्रेन’ करण्याची जी मूळ पद्धत आहे तिचा उगम शोधत गेलं की गाडी याच तीन पानांवर येऊन थांबते. या पद्धतीचं नाव ग्रेडियंट डिसेंट. हिल क्लायंबिंग म्हणजे टेकडी चढण्याचा जो अल्गोरिदम कॉम्प्युटर सायन्सला शिकवतात, त्याचीच ही सख्खी बहीण.

लिहिणारा होता ऑगस्टिन-लुई कोशी. इंजिनिअरिंग केलेल्यांना हे नाव चांगलंच आठवत असेल. कोशीचं मीन व्हॅल्यू थिअरम, कोशी-रीमान समीकरणं. हाच तो. आपल्याकडे वर्गात त्याला बऱ्याचदा ‘कॉशी’ म्हणतात.

पण पेपरात ज्यानं घाम फोडला, तो माणूस होता कसा?

क्रांतीच्या धामधुमीतला जन्म

१४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग फोडला गेला आणि फ्रेंच राज्यक्रांतीला तोंड फुटलं. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत, २१ ऑगस्टला, कोशीचा जन्म झाला.

वडील राजाच्या काळात पॅरिसच्या पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. क्रांतीनंतर अशा माणसाचं काय होणार हे सांगायला नको. त्यांच्या साहेबाचं मुंडकं १७९४ मध्ये गिलोटिनखाली उडालं. वडील बायकापोरांना घेऊन पॅरिसजवळच्या आर्केई गावी जाऊन राहिले. घरात खायची मारामार. कोशीचं लहानपण असं गेलं. राजा गेला की सगळं कोसळतं, हे त्याच्या घरानं भोगलं होतं. पुढे आयुष्यभर तो कट्टर राजनिष्ठ आणि कट्टर कॅथलिक राहिला.

१८०० मध्ये वडिलांना नव्या सिनेटमध्ये सचिवाची नोकरी लागली आणि दिवस पालटले. तिथल्या सदस्यांत लाप्लास आणि लाग्रांज होते, म्हणजे त्या काळचे गणितातले दोन दादा. पोराची हुशारी लाग्रांजनं लगेच ओळखली. पण त्यानं वडिलांना सल्ला दिला की आधी याला भाषा आणि साहित्य नीट शिकवा, गणित नंतर. वडिलांनी ऐकलं. पोरानं लॅटिन आणि ग्रीकमध्ये बक्षिसं मिळवली आणि मग १८०५ मध्ये एकोल पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत दुसरा आला.

शिक्षण झालं इंजिनिअरिंगचं. १८१० मध्ये त्याला शेरबूर्गला पाठवलं. नेपोलियनला इंग्लंडविरुद्ध आरमार उभं करायचं होतं आणि त्यासाठी तिथं बंदराचं काम जोरात चालू होतं. दिवसभर साइटवर काम आणि रात्री गणित, असं सुरू झालं. सोबत लाप्लास आणि लाग्रांजची पुस्तकं होतीच. शेवटी तब्येत बिघडली आणि १८१२ मध्ये तो पॅरिसला परतला. बंदर सुटलं, गणित राहिलं.

‘जवळपास’ म्हणजे नेमकं किती?

कोशीचं खरं मोठेपण कशात?

त्याच्या आधी कॅल्क्युलस वापरात होतंच. ग्रहांच्या कक्षा, तोफगोळ्यांचे मार्ग, सगळं त्यावर चालायचं. पण ‘अतिशय लहान संख्या’ म्हणजे नेमकी किती लहान, असं विचारलं की बरेच जण गडबडायचे. उत्तर बरोबर येतंय ना, मग कशाला खोलात जायचं, असा एकूण मामला.

कोशीला हे चालत नव्हतं. १८२१ मध्ये पॉलिटेक्निकमधल्या शिकवणीवरचं त्याचं पुस्तक आलं. लिमिट म्हणजे काय, फंक्शन सलग आहे असं कधी म्हणायचं, न संपणारी बेरीज एका आकड्यापाशी पोचते हे कसं ठरवायचं, सगळं त्यानं पायरीपायरीनं बांधून काढलं. विद्यार्थी वैतागले. आम्हाला पूल आणि तोफा बनवायच्यात, हे काय चाललंय, अशी त्यांची तक्रार. पण आज जगभर कॅल्क्युलस शिकवतात ते साधारण त्याच वाटेनं.

माणूस म्हणून मात्र तो सरळ नव्हता. १८१६ मध्ये राजानं अकादमीतून मोंज आणि कार्नो या दोन नामवंतांना काढलं आणि रिकाम्या जागांवर नेमणुका केल्या. त्यात कोशी होता. निवडणूक न होता मिळालेली जागा त्यानं बिनदिक्कत घेतली आणि अनेकांच्या मनातून उतरला.

दुसरा डाग त्याहून गडद. १८२६ मध्ये नील्स आबेल नावाच्या नॉर्वेच्या तरुणानं अकादमीला एक निबंध दिला. तपासायचं काम कोशी आणि लजांद्र यांच्याकडे आलं. कोशीनं तो बाजूला ठेवला आणि तो तसाच पडून राहिला. १८२९ मध्ये आबेल वारला, वय अवघं २६. निबंध छापून आला १८४१ मध्ये. आज तो १९ व्या शतकातल्या मोठ्या कामांपैकी एक मानला जातो.

एका शपथेपायी १८ वर्षं

जुलै १८३० मध्ये पुन्हा क्रांती झाली. दहावा चार्ल्स पळाला आणि लुई-फिलिप गादीवर आला. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्या, असा सरकारी नोकरांना हुकूम सुटला.

बहुतेकांनी घेतली आणि कामाला लागले. कोशीनं नकार दिला. आपण एकदा ज्याला राजा मानलं तोच राजा, विषय संपला.

बायको आणि दोन लहान मुली मागे ठेवून तो देशाबाहेर पडला. प्राध्यापकीच्या सगळ्या जागा गेल्या. आधी स्वित्झर्लंड, मग इटलीतलं ट्यूरिन. १८३३ मध्ये परागंदा राजाच्या नातवाला शिकवायला तो प्रागला गेला. राजपुत्राला गणिताचा मनस्वी कंटाळा. युरोपातला सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक माणूस पाच वर्षं एका कंटाळलेल्या पोराला गणित शिकवत बसला. त्याबद्दल बॅरन ही पदवी तेवढी मिळाली.

१८३८ मध्ये तो पॅरिसला परतला. अकादमीच्या सदस्यांना शपथेची अट नव्हती, त्यामुळे तिथं त्याची जागा शाबूत होती. पण नोकरी? १८३९ मध्ये खगोलशास्त्राचं काम पाहणाऱ्या ब्यूरो दे लाँजित्यूद या सरकारी संस्थेवर तो निवडून आला. पुन्हा शपथ आडवी आली. तो घेईना आणि सरकार नेमणूक पक्की करेना. चार वर्षांनी ती जागा दुसऱ्याला गेली.

मग त्यानं काय केलं? लिहीत सुटला. अकादमीच्या साप्ताहिकात त्याचे इतके लेख यायचे, की एका लेखाला चारच पानं हा नियम त्याच्यामुळेच करावा लागला, असं सांगतात.

आपला तीन पानांचा लेख याच काळातला.

आकाशातलं गणित आणि धुक्यातला डोंगर

सप्टेंबर १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. लव्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं आधी कागदावर आकडेमोड करून ग्रह कुठे असेल ते सांगितलं, मग बर्लिनच्या वेधशाळेत दुर्बिणीतून तो दिसला. आकडेमोडीचा भाव एकदम वधारला.

पण ही आकडेमोड जीवघेणी असायची. आकाशातल्या एखाद्या गोलाची कक्षा ठरवायची तर सहा अज्ञात संख्या शोधाव्या लागतात. समीकरणं एकमेकांत गुंतलेली आणि सगळं हातानं सोडवायचं.

कोशीनं दोन युक्त्या सुचवल्या.

पहिली अशी. प्रत्येक समीकरणात आपला अंदाज किती चुकतोय ते काढा, त्या चुकांचे वर्ग करा आणि बेरीज करा. ही बेरीज शून्य झाली की सगळी समीकरणं एकदम सुटली. म्हणजे प्रश्न उरला एकच, ही एकूण चूक कमी कशी करायची?

दुसरी युक्ती म्हणजेच ग्रेडियंट डिसेंट. समजा तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला गेलाय आणि दाट धुक्यात अडकलाय. हातभर पुढचं दिसत नाही आणि खाली दरीतल्या गावात पोचायचंय. काय कराल? पायानं चाचपाल. ज्या बाजूला उतार सर्वांत जास्त, तिकडे एक पाऊल. पुन्हा चाचपायचं, पुन्हा एक पाऊल. अख्ख्या डोंगराचा नकाशा लागत नाही, पायाखालचा उतार कळला की पुरे.

आकड्यात बघू. बरोबर उत्तर ३ आहे, पण आपल्याला ते माहीत नाही. आपला अंदाज ३ पासून जितका लांब, त्याचा वर्ग म्हणजे चूक. सुरुवात ० पासून करू. तिथं उतार येतो उणे ६. त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.६, पुढे सरकायचं. आता अंदाज ०.६. तिथला उतार उणे ४.८, म्हणून पुढचा अंदाज १.०८. मग १.४६४. असं करत करत ३ च्या जवळ जात राहतो.

आता दहाव्या भागाऐवजी उताराएवढं अख्खं पाऊल टाकून बघा. ० वरून थेट ६, ६ वरून परत ०. जन्मभर झोके घेत बसाल. म्हणून पाऊल केवढं टाकायचं हा या पद्धतीतला कळीचा प्रश्न. कोशीनं त्याचाही विचार केला होता. पाऊल लहान ठेवा, किंवा त्या दिशेनं चूक जिथं सर्वांत कमी होते तिथपर्यंत जा, असं त्यानं सुचवलं.

आजचं एआय मॉडेल हेच करतं. फरक इतकाच की सहाच्या जागी अब्जावधी अज्ञात संख्या असतात आणि दर पावलाला सगळा डेटा न बघता त्यातला थोडासा नमुना बघतात.

आणि टेकाडालाच शिखर समजलं तर?

हिल क्लायंबिंगमध्ये हाच खेळ उलटा, वर चढायचा. शिवाय तिथं उतार काढायचीही गरज नसते. समजा डिलिव्हरी करणाऱ्याला २० घरं फिरायची आहेत. फिरण्याचे एकूण क्रम होतात २४ च्या पुढे १७ शून्यं, त्याहून थोडे जास्तच. सगळे तपासणं अशक्य. मग कुठलाही एक क्रम घ्या, त्यातल्या दोन घरांची अदलाबदल करा, अंतर कमी झालं तर ठेवा, नाहीतर सोडा. परत करा. सुधारणा थांबली की तुम्ही माथ्यावर.

पण कुठल्या माथ्यावर? धुकं आहे ना! जवळच्या टेकाडावर पोचलात तर तिथून सगळ्या बाजूंना उतारच लागतो. अल्गोरिदमला वाटतं आलं शिखर. खरं शिखर खिंडीपलीकडे उभं असतं, पण तिकडे जायला आधी थोडं खाली उतरावं लागतं आणि या अल्गोरिदमला तेच जमत नाही. याला म्हणतात लोकल मॅक्सिमम. दरीकडे उतरताना हाच घोटाळा लोकल मिनिमम या नावानं भेटतो.

यावर पुढे बरेच उपाय निघाले. सगळ्यात सोपा म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा सुरुवात करा आणि सर्वांत चांगलं उत्तर ठेवा. दुसरा आला १८८३ नव्हे, त्याच्या शंभर वर्षांनंतर. तापवलेला धातू सावकाश थंड होऊ दिला की त्यातले कण नीट बसतात, यावरून कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेकी यांनी १९८३ मध्ये सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग मांडलं. यात सुरुवातीला अल्गोरिदमला मुद्दाम चुकीच्या दिशेनंही पाऊल टाकू देतात आणि हळूहळू ही सूट कमी करत नेतात. जेनेटिक अल्गोरिदममध्ये एकाच वेळी अनेक उत्तरं घेतात, त्यांची सरमिसळ करतात आणि चांगली ती पुढे नेतात.

न आलेला लेख

१८४८ मध्ये आणखी एक क्रांती झाली आणि शपथेची अट रद्द झाली. १८ वर्षांनी कोशीला पुन्हा विद्यापीठात शिकवायची वाट मोकळी झाली. तिसऱ्या नेपोलियननं शपथ परत आणली तेव्हा कोशीला मात्र त्यातून सूट दिली. सरकारं बदलली, हा काही बदलला नाही. २३ मे १८५७ ला पॅरिसजवळच्या सो या गावी तो वारला.

त्याचं समग्र लेखन २७ खंडांत आहे. ते छापायला १८८२ मध्ये सुरुवात झाली आणि शेवटचा खंड आला १९७४ मध्ये. आयफेल टॉवरवर ज्या ७२ जणांची नावं कोरली आहेत, त्यातही तो आहे.

आता गंमत बघा. ज्या माणसानं अख्ख्या गणिताला पुरावा मागायची सवय लावली, त्यानं त्या तीन पानांत आपली पद्धत हमखास उत्तरापर्यंत पोचतेच याचा पक्का पुरावा दिलेला नाही. चूक दर पावलाला कमी होत जाते, म्हणजे पोचणारच, इतपतच त्याचा युक्तिवाद. पण चूक कमी होत जाणं आणि शून्यावर पोचणं यात फरक आहे, हे आपण टेकाडावर पाहिलंच. पद्धत कधी आणि का चालते यावर काटेकोर काम पुढे इतरांनी केलं, त्यातला एक महत्त्वाचा लेख हॅस्केल करी यांचा, १९४४ चा.

कोशीनं त्या लेखात फक्त तत्त्व सांगितलं होतं आणि सविस्तर पुढच्या लेखात मांडू असं कळवलं होतं. जवळपास ८०० निबंध लिहिणाऱ्या माणसाचा तो पुढचा लेख काही आला नाही.