चक्रीवादळाचे बारसे करणारे हेन्री पिडिंग्टन



ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा आपल्या अकोट्यात कोणीही विसरलेले नाही. विश्वामित्री पात्र सोडून वस्त्यांत शिरली होती. अकोटा स्टेडियमच्या परिसरात एका घराच्या छपरावर चढून बसलेली मगर तर साऱ्या देशाने पाहिली. ज्या कमी दाबाच्या क्षेत्राने तो पाऊस आणला, ते पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरले आणि ३० ऑगस्टला त्याचे ‘असना’ नावाचे चक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात चक्रीवादळ होणे ही फार दुर्मीळ गोष्ट. त्याआधीचे असे वादळ १९७६ साली झाले होते.

वादळांना नावे कोण देते, असा प्रश्न मुले आम्हाला नेहमी विचारतात. आपल्या भागातील १३ देशांनी नावांची यादी आधीच ठरवून ठेवलेली आहे. ‘असना’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेले होते. पण हे झाले प्रत्येक वादळाचे स्वतःचे नाव. या सगळ्यांचे ‘सायक्लोन’ हे समान आडनाव मात्र एकाच माणसाने दिले, आणि तेही आपल्या देशात, कोलकात्यात बसून. त्यांचे नाव हेन्री पिडिंग्टन.

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर होते आणि कप्तानही झाले. पुढे समुद्र सोडून ते कोलकात्यात स्थायिक झाले. तेथे खनिजांच्या संग्रहालयाची देखरेख आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचे अध्यक्षपद अशी कामे त्यांनी केली. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, आणि वादळांचा अभ्यास हा त्यांच्या नोकरीचा भागही नव्हता. तो त्यांचा छंद होता. मात्र शिडाच्या जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला वादळ म्हणजे काय, हे कोणी सांगावे लागत नाही.

असे छंदिष्ट त्या काळी आणखीही होते. अमेरिकेत विल्यम रेडफिल्ड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी लहानपणी खोगिरे बनवण्याचा धंदा शिकला होता. १८२१ च्या मोठ्या वादळानंतर प्रवास करताना त्यांना दिसले की एका भागातील झाडे एका दिशेला आडवी झाली आहेत, तर दूरच्या भागातील झाडे बरोबर उलट दिशेला. म्हणजे वारा सरळ धावत नसून गोल फिरत असला पाहिजे! विल्यम रीड या लष्करी अभियंत्याने वेस्ट इंडीजमधील वादळांचा असाच अभ्यास करून १८३८ साली पुस्तक लिहिले. ते वाचून पिडिंग्टन यांनी ठरवले की बंगालच्या उपसागरातील वादळे आपण तपासायची.

त्यांची पद्धत साधी होती. त्या काळी उपग्रह नव्हते, रडार नव्हते. पण प्रत्येक जहाजावर कप्तानाची नोंदवही असे. वारा कोणत्या दिशेचा, बॅरोमीटरचा पारा किती, आकाश कसे, हे तिच्यात तासातासाला लिहिले जाई. वादळातून बाहेर पडलेली जहाजे बंदरात आली की पिडिंग्टन त्या वह्या मिळवत, नोंदी नकाशावर मांडत आणि एकाच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी वारा कसा होता ते जुळवत. १८३९ पासून असे लेखामागून लेख त्यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. याच काळात इकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आपले केरूनाना छत्रे तरुणपणी वेध घेण्याचे काम करीत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पिडिंग्टन यांना मिळालेल्या नोंदींपैकी एक गोष्ट मुलांना फार आवडेल. १८४५ च्या फेब्रुवारीत ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज मॉरिशसहून मस्कतला निघाले आणि वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन जहाज धावू दिले. पाच दिवस ते भरधाव धावत होते. पिडिंग्टन यांनी त्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा दिसले की जहाजाने १३०० मैलांहून अधिक अंतर कापले, पण ते मूळ जागेपासून जेमतेम साडेतीनशे मैल दूर गेले होते. घाण्याच्या बैलासारखे ते वादळाच्या केंद्राभोवती पाच वेळा फिरले होते! वादळ गोल फिरते याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

१८४८ साली त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिले. त्याच्यासोबत शिंगाचे पातळ, पारदर्शक पत्रे होते आणि त्यांवर वाऱ्याची वर्तुळे काढलेली होती. कप्तानाने पत्रा आपल्या नकाशावर ठेवायचा, वाऱ्याची दिशा जुळवायची, की वादळाचे केंद्र कोणीकडे आहे ते समजे. आपल्या उत्तर गोलार्धात नियम असा : वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, केंद्र साधारण तुमच्या उजव्या हाताला असते. वारा थोडा आतही वळत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात केंद्र जरासे मागच्या बाजूला असते, ही दुरुस्ती पुढच्या शास्त्रज्ञांनी केली. याच पुस्तकात त्यांनी सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. आपला मराठी ‘चक्रीवादळ’ हा शब्दही तेच सांगतो.

पण पिडिंग्टन यांची खरी परीक्षा पुढे होती. आंध्रच्या किनाऱ्यावरील कोरिंगा गावावर १७८९ साली वादळाबरोबर समुद्राच्या तीन प्रचंड लाटा चालून आल्या होत्या. जुन्या नोंदींवरून त्यांना कळून चुकले होते की किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा पाणीच अधिक माणसे मारते. त्याच सुमारास हुगळी नदी गाळाने भरू लागली, म्हणून कोलकात्याच्या आग्नेयेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे सरकारच्या मनात आले. पिडिंग्टन यांनी १८५३ साली थेट गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापले. त्यात त्यांनी कळवले की येथे एक दिवस वादळाबरोबर पाच ते पंधरा फूट उंचीचे खारे पाणी चढेल आणि सारी वसाहत बुडेल.

त्यांचे कोणी ऐकले नाही. बंदर बांधले गेले, धक्के आणि गोदामे उभी राहिली, रेल्वे आली आणि त्याला पोर्ट कॅनिंग असे नाव मिळाले. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले आणि सुमारे सहा फुटांच्या लाटेने त्या बंदराची दाणादाण केली. काही वर्षांतच ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन हे पाहायला नव्हते. १८५८ सालीच कोलकात्यात त्यांचे निधन झाले होते.

दरम्यान ऑक्टोबर १८६४ मध्ये कोलकात्यावर आलेल्या वादळात हजारो माणसे मेली. त्यानंतर बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तरीही १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ‘वैतरणा’ ही आगबोट सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. हाजी कासमची ‘वीजळी’ म्हणून आपले गुजराती शेजारी आजही जिची आठवण काढतात, तीच ही बोट. मात्र जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छला धडकले, तेव्हा सुमारे एक लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते. म्हणूनच मनुष्यहानी फारच थोडी झाली. इशारा ऐकला की काय होते, ते येथे दिसते.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आणि भिंतीवर एक बॅरोमीटर बसवावा. मुलांनी रोज ठरलेल्या वेळी पाऊस, वारा आणि पारा वहीत लिहावा. सुट्टीच्या दिवशीही पाळी ठरवून लिहावा. एका दिवसाच्या आकड्याला फारशी किंमत नसते, पण दहा वर्षांची वही ही मोठी ठेव असते.

आणि मुलांनो, आपल्या वहीत काही वेगळे दिसले तर ते मोठ्यांना सांगायला संकोचू नका. मोठ्यांनीही ते कान देऊन ऐकावे. पिडिंग्टन यांनी आपले काम केले होते. ऐकणाऱ्यांनी मात्र आपले काम केले नाही.