अणूचा माग काढणारे शास्त्रज्ञ : जॉर्ज द हेवेशी

ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना म्हणूनही तो जगभर पाळला जातो. पुणे-सातारा महामार्गावरील किकवीसारख्या गावातून एखादी भगिनी उपचारासाठी शहरात येते आणि किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन देणार असे ऐकताच घाबरून जाते. त्या इंजेक्शनामागे ज्यांची प्रतिभा आहे, त्या जॉर्ज द हेवेशी यांचा हा अल्प परिचय.

हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. घराणे मूळचे यहुदी वंशाचे, परंतु कॅथोलिक श्रद्धा स्वीकारलेले. पियारिस्ट धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले. १९०८ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे डॉक्टरेट मिळवून १९११ साली ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

रदरफर्ड यांनी त्यांच्यावर एक अवघड काम सोपविले. शिशाच्या मोठ्या साठ्यात मिसळलेले रेडियम डी हे किरणोत्सारी द्रव्य त्यांना वेगळे काढावयाचे होते. हेवेशी यांनी प्रयत्नांची शिकस्त केली, पण यश आले नाही. रेडियम डी हे शिशाचेच एक रूप असल्याने रासायनिक उपायांनी ते वेगळे होणे शक्यच नव्हते. या अपयशातच त्यांना वाट दिसली. जे वेगळे होत नाही, ते शिसे जाईल तेथे त्याच्याबरोबर जाईल आणि आपल्या किरणांनी त्याचा ठावठिकाणा सांगेल! १९१३ साली व्हिएन्ना येथे फ्रिट्झ पानेथ यांच्यासह त्यांनी ही पद्धत प्रथम वापरली. १९२३ साली घेवड्याच्या जातीच्या रोपांत शिसे कसे फिरते आणि १९३५ साली उंदरांच्या हाडांत फॉस्फरस कसा सतत बदलत राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

नाझी राजवटीमुळे १९३४ साली त्यांनी जर्मनी सोडली व डेन्मार्क गाठले. १९४३ साली तेथूनही त्यांना स्वीडनला आश्रयासाठी जावे लागले. त्याच वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना या शोधासाठी देण्यात आले. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

द्रव्याची मात्रा शरीराच्या कार्यात बाधा येणार नाही इतकी अल्प, तरीही उपकरणास कळेल इतकी पुरेशी असावी, हे या पद्धतीचे मर्म आहे. आज स्तनातील गाठीजवळ टेक्नेशियमयुक्त सूक्ष्म कण टोचतात. कण फार बारीक असल्यास ते पुढे निसटतात, फार मोठे असल्यास जागीच राहतात. म्हणून त्यांचा आकार काळजीपूर्वक ठरवावा लागतो. योग्य कण काखेतील पहिल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचतात. शल्यविशारद तीच ग्रंथी शोधून तपासतात. तेथे कर्करोग नसेल, तर काखेतील उर्वरित ग्रंथी वाचविता येतात व हाताला कायमची सूज येण्याचा धोका घटतो. टेक्नेशियमची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते. एका दिवसात ती सोळाव्या हिश्श्यावर येते. अशा द्रव्यांच्या वैद्यकीय उपयोगासाठी मुंबईत परळ येथे १९६३ साली अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले.

गर्भवती व स्तनदा मातांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे. मात्र केवळ भीतीपोटी किंवा संकोचापोटी कोणत्याही भगिनीने तपासणी लांबणीवर टाकू नये. एका शास्त्रज्ञाच्या अपयशातून परमेश्वराने असंख्य रुग्णांसाठी वाट उघडली. या महिन्यात जपमाळ करताना आपल्या धर्मग्रामातील आजारी भगिनींचे स्मरण करू या आणि गरज पडल्यास त्यांच्यासोबत रुग्णालयाची पायरीही चढू या.