दारिद्र्य मोजणारे धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी भारतातील उद्योगांच्या स्थित्यंतराचा अभ्यास केला आणि १९२४ साली त्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १९३० साली ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले.

त्यांचे मोठेपण आम्ही मानतो ते तेथील कामासाठी. दारिद्र्यावर भाषणे पुष्कळ होत. परंतु कोणत्या घरात कमावते किती, खाणारे किती, मिळकत किती आणि कर्ज किती, हे विचारायला घरी जाणारे विरळा. गाडगिळांनी १९३६-३७ मध्ये पुणे शहरातील निवडक कुटुंबांची अशी पाहणी करविली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये छापून निघाला. पुढे याच संस्थेतील दांडेकर व रथ यांनी १९६०-६१ च्या आकड्यांवरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे दाखविले.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा संबंध प्रवरेचा. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह त्यांनी लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभारला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला, घरे पक्की झाली, मुले शाळेत गेली. हे सारे खरे. पण सभासद होण्यास ऊस लागतो आणि उसास जमीन व पाणी. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, ते कोयता घेऊन फडावरच राहिले. नागापूरच्या आमच्या शाळेत पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांतील मुले निवासाला असतात. दिवाळीनंतर त्यांच्या गावच्या घरांना कुलपे लागतात. सहकाराच्या हिशेबात ही घरे कोठे मांडायची, हा प्रश्न आम्हांस अजून सुटलेला दिसत नाही. दोष एकट्या गाडगिळांचा नव्हे. परंतु गौरवग्रंथांत हा प्रश्न सहसा येत नाही, म्हणून येथे नोंदवितो.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचे साहाय्य वाटण्याचे त्यांचे सूत्र १९६९ मध्ये लागू झाले. त्यात ६० टक्के वाटा लोकसंख्येवर होता, आणि १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांसाठी राखलेला होता. मे १९७१ मध्ये, पद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतत असताना, आगगाडीतच त्यांचे निधन झाले.