आचार्य विनोबा भावे : क्षीण देहाला पुन्हा लाभलेले बळ

न्यूमोनियातून उठून रुग्णालयातून घरी परतलेले बंधुभगिनी जळगाव-धुळ्याच्या आपल्या धर्मग्रामांत आम्हाला भेटतात. आजार गेलेला असतो. पण चार पावलांत धाप लागते आणि मन खचते. त्यांच्यासाठी आम्ही आचार्य विनोबा भावे यांचे स्मरण करीत आहोत.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे येथे झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. म्हणून खानदेशाला ते आपलेच वाटतात. पुढे ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे सारही त्यांनी संकलित केले.

१९३८ साली त्यांचे शरीर अतिशय क्षीण झाले. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी विश्रांती सुचविली. विनोबांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व कामांची चिंता मनातून टाकून दिली. तेथे शेतात खोदकाम आरंभले : प्रथम काही मिनिटेच, मग रोज थोडी भर. काही महिन्यांतच वजन वाढले, देह सशक्त झाला. याच देहाने १९५१ पासून भूदानासाठी तेरा वर्षे भारतभर पदयात्रा केली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले.

प्रिय रुग्णांनो, डॉक्टरांच्या सल्ल्याने आज अंगणापर्यंत चाला, उद्या फाटकापर्यंत. कुटुंबीयांनीही घाई करू नये. गेलेले बळ हळूहळूच परतते. प्रभू येशू तुम्हांस धीर व आरोग्य देवो, हीच आमची प्रार्थना.